दोन मिनिटांत जोडलं जाणारं घर

'कुलूप' हा विषय निघाला की मराठी माणसाला वाड्याची दिंडी आठवते, गोदरेजचं कपाट आठवतं, बँकेतला लॉकर आठवतो. या सगळ्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. वस्तू जागची हलत नाही आणि चोराला आत शिरायचं असतं. अमेरिकेत मोटारीमागे जोडून न्यायच्या छोट्या प्रवासी ट्रेलरच्या बाबतीत हे गृहीतकच कोसळतं. त्याच्या दाराला कुलूप असतं, खिडक्यांना खिट्या असतात, पण चोर दाराकडे बघतही नाही. तो पुढच्या टोकाशी येतो, ट्रेलर आपल्या गाडीला जोडतो आणि गाद्या-उश्या, शेगडी, मुलांच्या सायकली यांसकट अख्खी खोली घेऊन निघून जातो.

असा ट्रेलर म्हणजे बारा-तेरा फुटांपासून सोळा-सतरा फुटांपर्यंतची चाकांवरची खोली. एका बाजूला दोन बर्नरची शेगडी, हात धुण्यापुरतं सिंक, खालच्या बाजूला पाण्याची टाकी. दिवसा जेवायचं टेबल, रात्री तेच खाली दाबून वर गादी टाकली की पलंग. टेक्सास, कॅलिफोर्नियाकडच्या काही मराठी घरांतही ही खोली हल्ली दिसू लागली आहे. यलोस्टोन किंवा योसेमिटीच्या आतली हॉटेलं कित्येक महिने आधी भरून जातात, आणि दिवसभर डोंगर तुडवून आल्यावर स्वतःच्या हातचा गरम वरणभात मिळण्याचं सुख कुठलंही हॉटेल देत नाही. निवृत्त जोडपी, लहान मुलांचे आईबाप, एकट्यानं भटकणारे अशा सगळ्यांनी या खोलीवर जीव लावलेला असतो. म्हणूनच सकाळी उठून अंगणात फक्त टायरचे दोन ठसे दिसले तर ते दुःख गाडी गेल्याच्या दुःखाहून वेगळं असतं.

हलकेपणाचं वरदान

या ट्रेलरांची एक खास जात आहे. फायबरग्लासचे दोन अर्धे भाग साच्यातून काढायचे, एक खालचा आणि एक वरचा, आणि कमरेच्या रेषेवर जोडून टाकायचे. १९६८ साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये रे ओलेको यांनी अशा पद्धतीनं 'बोलर' नावाचा तेरा फुटी ट्रेलर बनवला. त्याआधी त्यांनी फायबरग्लासची सेप्टिक टाकी तयार केली होती, तेव्हा साच्याचं तंत्र हाताशी होतं. बोलरचं वजन ४५० किलोच्या आसपास. त्या काळातली छोटी मोटारही तो सहज ओढायची. पुढे मिनेसोटातल्या बॅकस गावी 'स्कॅम्प' आणि टेक्सासात डॅलसच्या दक्षिणेला राइस या गावी 'कसिटा' याच पद्धतीनं बनू लागले.

पत्र्याच्या ट्रेलरला असतात तसे जागोजागचे सांधे यांना नसतात, त्यामुळे पाणी झिरपून लाकूड कुजण्याचा त्रास कमी. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे ट्रेलर आजही रस्त्यावर आहेत आणि त्यांना चांगली किंमत येते. चोरालाही याच दोन गोष्टी सोयीच्या पडतात. माल हलका आहे आणि जुना झाला तरी गिऱ्हाईक मिळतं.

किती हलका? ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांडीवर यावा, असा ओढण्याचा साधारण नियम आहे. म्हणजे सहाशे-सातशे किलोच्या ट्रेलरची दांडी साठ ते शंभर किलो भरते. दोन धडधाकट माणसं ती उचलू शकतात आणि सपाट जमिनीवर ट्रेलर हातानं ढकलत रस्त्यापर्यंत नेऊ शकतात. इंजिन सुरू करावं लागत नाही, काच फोडावी लागत नाही, आवाज होत नाही.

रविवारची संध्याकाळ

टेक्सासमधल्या एका वसाहतीत, घरापुढच्या सिमेंटच्या उतारावर, एक मराठी जोडपं सहलीवरून परतून ट्रेलर सोडवत आहे. नवरा दांडीवरचा जॅक फिरवतो. जॅकचं चाक जमिनीला टेकतं, दांडी हळूहळू वर येते. गाडीच्या मागे बसवलेल्या पोलादी गोळ्यावर ट्रेलरची उपडी वाटी बसलेली असते; या वाटीला कपलर म्हणतात. वाटीवरची खिटी उघडली, जॅकचे आणखी चार फेरे दिले की गोळा मोकळा. मग दोन साखळ्या काढायच्या, दिव्यांचा सात पिनांचा प्लग उपसायचा आणि ब्रेकची बारीक तार सोडायची. ही तार फार महत्त्वाची. धावता ट्रेलर गाडीपासून सुटलाच तर तार ओढली जाते, पिन निघते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात.

"अरे, उटी लावलीस का?" बायको आतून विचारते. चाकाखाली उटी लागते, गाडी पुढे निघते. सगळं मिळून पाच मिनिटंही लागलेली नाहीत.

हाच क्रम उलटा केला की चोरी होते, आणि उलट क्रमाला त्याहून कमी वेळ लागतो. चोराला दिव्यांचा प्लग जोडायची गरज नसते, ब्रेकच्या तारेची नसते, साखळ्यांचीही नसते. गोळ्यावर वाटी टेकवायची, खिटी दाबायची, निघायचं. ही जोडणी सगळीकडे सारखी असावी, कुणाचाही ट्रेलर कुणाच्याही गाडीला लागावा, म्हणूनच गोळ्यांची मापं ठरवलेली आहेत. अमेरिकेत पावणेदोन इंचाहून जरा मोठा, म्हणजे १⅞ इंची, मग २ इंची आणि मोठ्या ट्रेलरांसाठी २ ५/१६ इंची. युरोपात ५० मिलिमीटर. छोट्या प्रवासी ट्रेलरला बहुतेक वेळा २ इंची गोळा लागतो, आणि तो कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. ज्या सोयीसाठी माणसं हा ट्रेलर घेतात, त्याच सोयीनं तो जातो. त्यामुळे त्याचं रक्षण करणं म्हणजे मालकानं आपल्याच सोयीत मुद्दाम अडथळे उभे करणं, आणि दर सहलीच्या शेवटी, थकलेल्या अंगानं, ते न कंटाळता पुन्हा उभे करणं.

वाटीतलं कुलूप

पहिला विचार साहजिकच कपलरचा येतो. सगळ्यांत स्वस्त कुलूप म्हणजे खिटीच्या भोकातून जाणारी एक पिन. ती लावली की खिटी उघडत नाही. ट्रेलर गाडीला जोडलेला असताना, महामार्गावरच्या खानावळीसमोर उभा असताना, ही पिन खरोखर कामाची. कुणी मागून तो सोडवून नेऊ शकत नाही. पण ट्रेलर एकटा उभा असताना तिच्यावर विसंबणं धोक्याचं. उघड्या वाटीला कुणी दुसऱ्याच मार्गानं धरू शकतं.

दुसऱ्या प्रकारात एक खोटा गोळा वाटीत बसवून वरून नालेच्या आकाराची दांडी अडकवतात. आता वाटी भरली, खरा गोळा आत जाणार नाही. पाहायला भक्कम वाटतं. पण यातली स्वस्त कुलपं ओतीव ॲल्युमिनियमची असतात आणि हातोड्याच्या चार घावांत तुटतात. दांडी आणि वाटी यांच्यात फट राहिली तर पहार घालून पिळताही येते. त्याहून बरं कुलूप म्हणजे कपलरला सगळीकडून झाकणारा जाड पोलादाचा डबा. फट नाही, पहारीला जागा नाही, कुलपाचा गाभा आत खोल. हे कुलूप पाच-सात किलोंचं असतं आणि रोज उचलायचा कंटाळा येतो, तरी घ्यायचं तर हेच घ्यावं.

मात्र डब्याच्या आतला कपलर दांडीला कसा लावलाय, हे फार थोडे मालक वाकून बघतात. कित्येक छोट्या ट्रेलरांवर तो दोन बोल्टांनी बसवलेला असतो. चोरानं पाना आणला, नट सोडले, कुलपासकट कपलर बाजूला ठेवला आणि सोबत आणलेला दुसरा कपलर बसवला की महागडं कुलूप गवतात पडून राहतं. यावरचा उपाय साधा आहे. नटांच्या जागी ठरावीक खोबणीचे सुरक्षा नट बसवायचे, नाहीतर वेल्डरकडे नेऊन नट जागच्या जागी पक्के करून घ्यायचे. घाईत असलेला चोर वाटीच्या फंदात न पडता साखळी थेट दांडीला गुंडाळून ट्रेलर फरफटत नेतो, असंही घडतं. ट्रेलरचं नुकसान होतं, पण ते त्याचं थोडंच असतं?

आणि बॅटरीवर चालणारा अँगल ग्राइंडर आल्यापासून सगळंच बदललं आहे. पूर्वी लोखंड कापायला वीज लागायची, लांब वायर लागायची. आता खांद्यावरच्या पिशवीत मावणारं यंत्र जाड कडीही कापतं. ग्राइंडरपुढे कुठलंच कुलूप कायमचं टिकत नाही, हे मान्य करूनच पुढचा विचार करावा लागतो. कुलपानं मिनिटं विकत घ्यायची असतात. त्या मिनिटांत ठिणग्या उडतात, कर्कश आवाज होतो, शेजारचा कुत्रा भुंकतो, एखाद्या खिडकीतला दिवा लागतो.

चाकाकडे

म्हणून जाणते मालक दुसरा अडथळा चाकावर उभा करतात. पुण्या-मुंबईत चुकीच्या जागी लावलेल्या गाडीला वाहतूक पोलीस जॅमर लावतात, तशाच जातीचा जॅमर ट्रेलरसाठीही मिळतो. घेताना बघायचं ते एवढंच की त्याची तबकडी चाकाचे नट पूर्ण झाकते की नाही. नट उघडे राहिले तर चोर जॅमरसकट चाक काढतो, सोबत आणलेलं दुसरं चाक बसवतो आणि जातो. छोट्या ट्रेलरला एकच ॲक्सल, दोनच चाकं, त्यामुळे हे काम लवकर उरकतं.

चाकाच्या भोकांतून आणि चासीभोवती साखळी गुंफण्याची पद्धतही रूढ आहे. साखळी कठीण केलेल्या पोलादाची हवी, आणि ती जमिनीवर लोळती कामा नये. जमिनीला टेकलेल्या साखळीवर बोल्ट कटरचा एक दांडा जमिनीवर ठेवून दुसऱ्यावर अंगाचं सगळं वजन टाकता येतं. अधांतरी, ताणून बांधलेल्या साखळीवर तो जोर मिळत नाही. कुलूपही खाली लोंबू न देता चासीच्या आतल्या बाजूला वळवलेलं बरं. सहलीला निघताना मालकानं स्वतःच साखळी विसरून गाडी पुढे घेतली तर मडगार्ड फुटतं, तेव्हा स्टिअरिंगवर लाल फीत बांधून ठेवण्याची सवय बरेच जण लावून घेतात.

या बाबतीत ब्रिटन अमेरिकेच्या पुढे आहे. तिथे या ट्रेलरना कॅरॅव्हॅन म्हणतात आणि तो नाद फार जुना. गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टर-लेखकानं १८८५ मध्ये 'वाँडरर' नावाची घोड्यांनी ओढायची कॅरॅव्हॅन केवळ भटकंतीसाठी बांधून घेतली होती, आणि तिथला कॅरॅव्हॅन क्लब १९०७ सालचा. एवढ्या जुन्या नादाबरोबर चोरीचा अनुभवही साठत गेला. अल-को या जर्मन कंपनीचं चाकाचं कुलूप तिथे सर्रास वापरलं जातं. चाकाच्या मागे, चासीच्या बाजूला, एक जाड पोलादी खोबण कायमची बसवलेली असते. मालक बाहेरून चाकाच्या दोन आऱ्यांमधल्या पोकळीत बरोबर त्या आकाराचा ठोकळा घालतो आणि लांब बोल्टनं तो मागच्या खोबणीत पिळतो. चाक आता चासीशीच जखडलं. ते फिरत नाही आणि काढताही येत नाही.

लावणं मात्र कष्टाचं. आऱ्यांमधली पोकळी आणि मागची खोबण एका रेषेत आली तरच बोल्ट बसतो. कॅरॅव्हॅन जागेवर उभी केल्यावर बहुतेक वेळा ती रेषेत येत नाही. मग इंचभर पुढे, इंचभर मागे. पावसात गुडघे टेकून, टॉर्च तोंडात धरून एक जण भोकातून बघतोय आणि दुसरा गाडी हलवतोय, हे दृश्य ब्रिटिश कॅरॅव्हॅनवाल्यांना चांगलंच परिचयाचं आहे. काही जण सरळ जॅक लावून चाक उचलतात आणि हातानं फिरवून जुळवतात. एवढा त्रास घेतात, कारण चोराला तोच त्रास कितीतरी पटींनी होतो.

कुठलं कुलूप किती टिकतं हे तिथे कुणी दुकानदाराच्या शब्दावर सोडत नाही. नॉर्थम्ब्रिया आणि एसेक्स या दोन पोलीस दलांनी गृहखात्याच्या पाठबळावर १९९२ मध्ये 'सोल्ड सिक्युअर' ही योजना सुरू केली. तिच्या चाचणीत प्रत्यक्ष हत्यारं चालवून कुलपं फोडून बघतात आणि किती वेळ तग धरला यावरून दर्जा देतात. विमा कंपन्या कुलूप घेताना हा दर्जा बघायला सांगतात. ग्राहकाच्या हातात ठोस काही देणारी ही व्यवस्था अमेरिकेतल्या ट्रेलरवाल्यांनाही मिळायला हवी.

सीएच ७५१

आता दाराकडे येऊ, कारण सगळेच चोर अख्खा ट्रेलर न्यायला येत नाहीत. अमेरिकन ट्रेलर आणि मोटरहोमच्या पोटात बाहेरून उघडणारे सामानाचे कप्पे असतात. त्यांच्या छोट्या कुलपांची किल्ली बारीक, पत्र्यासारखी, आणि तिच्या डोक्यावर बहुतेक वेळा 'सीएच ७५१' असं कोरलेलं असतं. तुमच्या ट्रेलरवर, शेजाऱ्याच्या ट्रेलरवर, तळावर उभ्या असलेल्या पुढच्या दहांतल्या कित्येकांवर तीच किल्ली. एकाच्या किल्लीनं दुसऱ्याचा कप्पा उघडतो आणि ही किल्ली कुणालाही किरकोळ पैशांत विकत मिळते. बनवणाऱ्यांनी सोय पाहिली, किल्ली हरवली तर दुसरी सहज मिळावी. पण या कप्प्यांत पाण्याचे पाइप, विजेची वायर, जॅक, हत्यारं आणि पुष्कळदा चाकाचा पानाही असतो. चोराला लागणारं सामान मालकानंच त्याच्यासाठी जपून ठेवल्यासारखं होतं.

नवा ट्रेलर घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ही कुलपं बदलून टाकणं हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित उपाय आहे. अर्ध्या तासाचं काम, एक स्क्रूड्रायव्हर आणि वेगवेगळ्या किल्ल्यांची तेवढ्याच मापाची कुलपं.

कुठे उभा करायचा

चोर आधी जागा बघतो. घरापुढे, दांडी रस्त्याकडे तोंड करून उभा असलेला ट्रेलर म्हणजे त्याला दिलेलं आमंत्रणच. तोच ट्रेलर उलटा लावला, दांडी भिंतीकडे ठेवली आणि पुढ्यात घरची गाडी आडवी उभी केली तर आधी गाडी हटवावी लागते. ब्रिटनमध्ये अंगणात सिमेंटात पक्का रोवलेला पोलादी खांब असतो. काहींवर खोटा गोळा बसवलेला असतो, कॅरॅव्हॅन त्यावर जोडून कुलूप घालायचं. मालकाला बाहेर निघायचं असलं की खांब आडवा होतो किंवा जमिनीत दबतो.

घरी जागा नसली, किंवा वसाहतीच्या नियमांनी अंगणात ट्रेलर ठेवायला बंदी असली, तर भाड्याच्या आवारात ठेवावा लागतो. शहराबाहेर तारेच्या कुंपणात, खडी टाकलेल्या जमिनीवर, ट्रेलर रांगेत उभे. फाटकावर आकडे दाबून उघडायचं कुलूप, खांबांवर कॅमेरे. बाहेरून बंदोबस्त दिसतो, पण फाटकाचा आकडा किती जणांना माहीत आहे, आवारात रात्री माणूस असतो की नाही, ट्रेलर बाहेर नेणाऱ्याला कुणी थांबवून विचारतं का, हे भाड्याच्या करारावर सही करण्याआधी विचारावं. महिनोन्‌महिने मालक फिरकत नाही, म्हणून इथली चोरी कधी झाली हेच पुष्कळदा कळत नाही. ब्रिटनमध्ये १९९९ पासून कासोआ ही अशा आवारांच्या मालकांची संघटना आहे. कुंपण, फाटक, गस्त, कॅमेरे तपासून ती आवारांना दर्जा देते, आणि चांगल्या दर्जाच्या आवारात ठेवणाऱ्याला विम्यात सवलत मिळू शकते.

प्रवासातली एक वेळ मात्र फसवी असते. तळावर ट्रेलर सोडून कुटुंब गाडीनं दिवसभर फिरायला जातं, तेव्हा शेजारच्या तंबूतल्या माणसाशी सकाळी दोन शब्द बोलून ठेवणं फार उपयोगी पडतं. नंतर कुणी अनोळखी माणूस येऊन ट्रेलर जोडू लागला तर निदान विचारणारं कुणीतरी असतं.

माग

एवढं करूनही ट्रेलर गेला तर? इथे दोन वेगळी यंत्रं कामाला येतात आणि त्यांची गल्लत होता कामा नये. खरा ट्रॅकर जीपीएसवरून जागा ओळखतो आणि मोबाइलच्या जाळ्यातून ती मालकाला कळवतो. ट्रेलर ठरलेल्या हद्दीबाहेर गेला की फोन वाजतो. त्याला महिन्याचं भाडं लागतं आणि वीज लागते. ती फक्त ट्रेलरच्या बॅटरीवरून घेतली तर चोर आधी बॅटरीची वायर कापतो, म्हणून स्वतःची बॅटरी असलेलं यंत्र घ्यावं. लपवण्याच्या बाबतीत फायबरग्लासच्या मालकांचं नशीब चांगलं. रेडिओलहरी फायबरग्लासमधून आरपार जातात, तेव्हा यंत्र भिंतीच्या पोकळीत, छताच्या अस्तरामागे कुठेही बसतं. ॲल्युमिनियमच्या ट्रेलरमध्ये तेच यंत्र पत्र्याआड मुकं होऊ शकतं.

ॲपलचा एअरटॅग २०२१ मध्ये आला तेव्हा अनेकांना तो स्वस्त ट्रॅकर वाटला. नाण्याएवढ्या सेलवर तो वर्षभर चालतो, भाडं नाही. पण त्याला स्वतःला जीपीएस नाही. आसपासच्या अनोळखी आयफोनच्या आधारानं तो आपली जागा कळवतो. भरवस्तीत हे जमतं, रानातल्या कोठारात जमेलच असं नाही. शिवाय कुणाचा चोरून माग काढला जाऊ नये म्हणून, अनोळखी एअरटॅग आपल्यासोबत फिरतोय अशी सूचना तो माणसांच्या फोनवर पाठवतो. आयफोनवर ती येतेच, आता अँड्रॉइडवरही येते. बायकांच्या सुरक्षिततेसाठी ही सूचना अत्यंत आवश्यक आहे आणि तिच्याविरुद्ध बोलण्यासारखं काही नाही. पण ती चोरालाही मिळते. तेव्हा एअरटॅग ठेवावा, जोडीला म्हणून.

ठिपका नकाशावर दिसला की मालकाच्या मनात येतं, आपणच जाऊन घेऊन यावं. जाऊ नये. अमेरिकेत समोरच्याकडे बंदूक असू शकते. पोलिसांना फोन करावा, तक्रारीचा क्रमांक घ्यावा, ठिपका दाखवावा आणि थांबावं.

ट्रेलरची ओळख

पोलिसांनी ट्रेलर अडवला तरी तो तुमचाच हे सिद्ध करावं लागतं, आणि छोट्या ट्रेलरांची बाजू इथेच सर्वांत लंगडी आहे. १९८१ पासून अमेरिकेत वाहनांना १७ अक्षरांचा ठरावीक क्रमांक असतो. ट्रेलरवर तो पुष्कळदा दांडीजवळच्या पट्टीवर किंवा चिकटवलेल्या कागदावर असतो. मोटारीचा क्रमांक काचेखाली आणि इंजिनावर असतो, इथला कागद नखानं निघतो. त्यात मेनसारख्या काही राज्यांत ३,००० पौंडांपर्यंतच्या ट्रेलरला मालकीचा दाखला लागतच नाही, खरेदीची पावती पुरते. शेतकऱ्याच्या लहानसहान ट्रेलरला कागदपत्रांचा ताप नको, हा या नियमांमागचा हेतू रास्त आहे. पण चोरीचा ट्रेलर स्वच्छ करून घ्यायलाही अशाच फटी उपयोगी पडतात.

ब्रिटनमध्ये तर कॅरॅव्हॅनला स्वतःचा नोंदणी क्रमांकच नसतो. जी गाडी ओढते तिच्याच क्रमांकाची पाटी मागे लावतात. ही पोकळी भरून काढायला तिथल्या उद्योगाच्या संघटनेनं, नॅशनल कॅरॅव्हॅन कौन्सिलनं, १९९२ मध्ये क्रिस नावाची नोंदवही सुरू केली. प्रत्येक नव्या कॅरॅव्हॅनचा १७ अक्षरी क्रमांक खिडक्यांच्या काचांवर कोरला जाऊ लागला आणि ती कुणाकडे आहे याची नोंद होऊ लागली. पुढे कॅरॅव्हॅनच्या सांगाड्यात इलेक्ट्रॉनिक चिपा बसवल्या गेल्या. २०१६ च्या मॉडेलांपासून आणखी कडक पद्धत आली. पोलिसांच्या सूचनेवरून कित्येक मालक छतावर मोठ्या अक्षरांत क्रमांक रंगवतात. रस्त्यावरून तो दिसत नाही, हेलिकॉप्टरमधून दिसतो.

महाराष्ट्रातल्या ऊस पट्ट्यात हा प्रश्न वेगळ्या रूपात रोजचा आहे. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगरकडे गळीत हंगाम संपला की ट्रॉल्या वस्तीवर, बांधावर, कारखान्याच्या वाटेला उभ्या राहतात. ट्रॅक्टर मागे घेतला, पिन टाकली की ट्रॉली निघाली. ही जोडणीही कुठल्याही ट्रॅक्टरला चालावी अशीच केलेली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, तरी गावोगाव बिननंबरच्या ट्रॉल्या फिरतात. स्थानिक गुन्हे शाखेनं ट्रॉली चोरणारी टोळी पकडल्याच्या बातम्या जिल्ह्याच्या पानांवर नेहमी येतात. चोरलेली ट्रॉली पहिल्यांदा रंगवली जाते, चासीवरचा क्रमांक ग्राइंडरनं घासला जातो. फाळक्यावर रंगवलेली मुलांची नावं पुसली जातात. मालक मग ती ओळखतो गावच्या वेल्डरनं मारलेल्या ठिगळावरून, नाहीतर पाट्याला घातलेल्या जास्तीच्या पानावरून.

टेक्सासातल्या मालकानंही हेच आधी करून ठेवायला हवं. क्रमांकाच्या पट्टीचे, चारही बाजूंचे, आतल्या प्रत्येक कपाटाचे फोटो. दुरुस्त केलेली जागा, बदललेली खिटी, गादीखालच्या फळीवरचा जळका डाग, सगळ्याचे जवळून फोटो. शिवाय एखाद्या ड्रॉवरच्या मागच्या अंगाला, ड्रॉवर पूर्ण काढल्याशिवाय दिसणार नाही अशा ठिकाणी, मार्करनं लिहिलेलं नाव आणि क्रमांक. याला काही खर्च नाही आणि पोलिसांपुढे याच्याइतकं बोलकं दुसरं काही नाही.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आपल्याकडे हा प्रवास अजून बाल्यावस्थेत आहे. नोंदणी, चासीवरचा न पुसता येणारा क्रमांक आणि मालकीची खुली नोंदवही या गोष्टी रस्त्यावर शे-दोनशे ट्रेलर असतानाच पक्क्या केल्या तर सोपं जाईल.

घेणारा आणि विमा

चोरीचा ट्रेलर कुणीतरी विकत घेतो म्हणून चोरी होते. नेटवरच्या जाहिरातीत किंमत बाजारापेक्षा बरीच कमी असते, भेटायला बोलावतात ते एखाद्या दुकानाच्या वाहनतळावर, कागद 'नंतर पाठवतो' म्हणतात. घेणाऱ्यानं दांडीवरचा क्रमांक, आतल्या पट्टीवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक एक आहे का हे स्वतः वाकून बघावं. कपलरच्या बोल्टांभोवती ताजा रंग असला, जुन्या दांडीवर कपलर कोरा असला, दाराचं कुलूप नुकतंच बदललेलं असलं, तर विचारावं. अमेरिकेत नॅशनल इन्शुरन्स क्राइम ब्यूरो ही विमा कंपन्यांची संस्था क्रमांक तपासायची मोफत सोय देते. तिच्यात सहभागी कंपन्यांच्या नोंदी असतात, म्हणून तिथे नाव आलं नाही याचा अर्थ ट्रेलर निर्धोक असा होत नाही. चोरीचा निघाला तर ट्रेलरही जातो आणि पैसेही, मग घेणारा कितीही प्रामाणिक असो.

विम्याबद्दलचा गैरसमज सर्वाधिक महागात पडतो. ओढणाऱ्या मोटारीचा विमा ट्रेलरलाही लागू आहे, असं पुष्कळांना वाटतं. ट्रेलरमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो साधारणपणे लागू असतो. ट्रेलर स्वतःच चोरीला गेला तर नसतो, त्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. आतल्या सामानाचा प्रश्न त्याहून निराळा. लॅपटॉप, सायकली, कॅमेरा हे बऱ्याचदा घराच्या विम्यात धरले जातात. पॉलिसी घसाऱ्यानंतरची किंमत देणार की आधी ठरलेली रक्कम, हेही वाचावं. चाळीस वर्षांचा बोलर घसाऱ्याच्या हिशेबात कवडीमोल ठरतो आणि बाजारात त्याला नव्या मोटारसायकलीएवढे पैसे येतात. ब्रिटनमध्ये कपलरचं आणि चाकाचं कुलूप लावलेलं होतं हे दाखवावं लागतं, नाहीतर दावा फेटाळला जाऊ शकतो. कुलपाच्या पावत्या आणि दोन्ही किल्ल्या म्हणूनच फाइलला लावून ठेवायच्या.

दावा मंजूर झाला, पैसे खात्यात आले, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचा फोन आला की ट्रेलर सापडला, तर तो परत अंगणात येत नाही. भरपाई दिल्या क्षणापासून तो विमा कंपनीचा झालेला असतो. ज्यांचा त्यात जीव अडकलेला असतो, ते कंपनीला विनंती करतात, उरलेल्या किमतीची बोली लावतात, तुटलेली खिटी आणि कापलेल्या वायरींसकट तोच ट्रेलर पुन्हा विकत घेतात आणि दुरुस्त करायला बसतात.